सिस्टरांनी दिलेली पिल्लं

उद्या सकाळी सिस्टर बेवारस जनावरांच्या शेल्टरमध्ये जातील आणि मिशाळला ओळखतील. संध्याकाळपासून माझ्या डोक्यात एवढं एकच चाललं आहे. भाजी खाली लागली, दूध उतू गेलं, नवऱ्याने दोनदा विचारलं की तुझं लक्ष कुठे आहे. सिस्टरांना हल्ली माणसांची नावं आठवत नाहीत. परवा मला त्यांनी माझ्या जावेच्या नावाने हाक मारली. पण आपल्या हातातून गेलेलं पिल्लू त्या विसरायच्या नाहीत. त्या पिंजऱ्यासमोर उभ्या राहतील, चष्मा कपाळावर सरकवून आत बघतील, आणि त्याच्या पुढचं माझ्या डोळ्यांसमोर येऊ नये म्हणून मी उगाच कपाटं आवरत बसले आहे.

मिशाळ म्हणजे राखाडी अंगाचं, ओठावर पांढरी मिशी असलेलं मांजर. ते शेल्टरच्या पिंजऱ्यात कसं पोचलं हे सांगायचं, तर आधी सिस्टर सांगायला हव्यात.

सिस्टर आमच्या मागच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात, त्यांचा नवरासुद्धा. प्रसूतिगृहाच्या लेबर रूममध्ये त्यांनी उभा जन्म काढला. आमच्या भागातल्या निम्म्या बायकांची सुटका त्यांच्या हातून झाली आहे. ऑफिसात दहा माणसांना धाकात ठेवणारी बाई रस्त्यात सिस्टर दिसल्या की एकदम शाळकरी मुलीसारखी होते. कारण सिस्टरांनी तिला ज्या अवस्थेत पाहिलेलं असतं, तसं तिच्या आईनेही पाहिलेलं नसतं.

माझी लेक जन्मली तेव्हा रडली नाही. निळी पडली होती. मला कोणी काही सांगेना. सिस्टरांनी तिला टॉवेलात घेतलं आणि पाठ चोळायला लागल्या, वर शिव्या. "रड गं भवाने, रड! तुझ्या आईने काय हौसेने कळा दिल्या?" खूप वेळ गेला असं मला वाटलं, पण गेला नसेल. मग ती रडली. सिस्टरांनी ती माझ्या छातीवर ठेवली आणि म्हणाल्या, "घे. आवाज बापाचा आहे." त्यानंतर सिस्टरांना कुठल्याही गोष्टीला नाही म्हणायची माझी टाप नाही. माझी एकटीची नाही, या वस्तीत कुणाचीच नाही. सगळं तिथूनच बिघडलं.

निवृत्तीच्या दिवशी एका बाईने त्यांना लांब केसांची पांढरी मांजर भेट दिली. सिस्टरांना आधी ती नको होती. पण घरी बसून त्यांच्या हातांना काही सुचत नव्हतं. धुतलेली भांडी पुन्हा धुवायच्या, उशांचे अभ्रे रोज बदलायच्या. मग मांजर माजावर आली, माशांच्या काचेच्या टाक्या विकणाऱ्याकडे त्याच जातीचा बोका होता तो आणला, आणि सिस्टरांच्या कपाटाचा खालचा कप्पा लेबर रूम झाला. उकळलेले टॉवेल, गरम पाण्याची पिशवी, दिव्यावर कागद लावून मंद केलेला उजेड. मी पहिल्या वेळी तिथे होते. व्यायला लागलेल्या मांजरीशी त्या जे बोलत होत्या तेच शब्द मी कधी काळी त्या उंच टेबलावर पडून ऐकले होते. "शाब्बास. आता जोर नको. आता दम घे."

त्यांचा नवरा खिडकीपाशी टेबल टाकून घड्याळं दुरुस्त करतो. आम्ही त्यांना काका म्हणतो. काका डोळ्यातलं भिंग न काढता म्हणाले, "लोक म्हणतात हिची नोकरी संपली. नुसते पेशंट बदललेत. सेकंदकाट्यातून मांजराचा केस काढणारा मी एकटाच घड्याळवाला असेन जगात."

"तुमचं घड्याळ बंद पडलं तर कोणी मरत नाही," सिस्टर म्हणाल्या. "इथे बघा जरा."

मिशाळ दोन वर्षांपूर्वी अशाच एका खेपेला सगळ्यात शेवटी जन्मलं. आईने त्याला चाटलं नाही, पायाने बाजूला सारलं. सिस्टरांनी उचललं, टॉवेलात घेतलं, चोळलं, शिव्या दिल्या, सगळं तसंच. ते उंदराच्या पिल्लाएवढं होतं. त्याने तोंड उघडलं तेव्हा सिस्टर माझ्याकडे बघून हसल्या. लेबर रूम सुटल्यापासून त्यांचं ते हसू मी पाहिलं नव्हतं.

पिल्लं त्या विकत नसत. कोणी विचारलं की भडकायच्या. "मी काय दुकान टाकलंय?" त्या पिल्लं देत असत, आणि कुणाला द्यायची हे ठरवायची त्यांची स्वतःची रीत होती. बाई बाळंतपणात कशी वागली, त्यावरून.

"शिलाईवालीला देऊ नका सिस्टर," मी एकदा म्हटलं. "तिच्याकडे आधीच कुत्रा आहे."

"अगं, पायाळू मूल होतं तिचं. ओठ चावून पडली होती, हूं नाही की चूं नाही. असली बाई मांजराला उपाशी ठेवील?"

"आणि ती बँकेतली?"

"ती ओरडली भरपूर. आमच्या डॉक्टरांच्या सात पिढ्या काढल्या. पण मूल हातात दिल्यावर आधी त्याची बोटं मोजली तिने. बोटं मोजणारी बाई चांगली असते."

मग त्या टोपली घेऊन त्या बाईच्या दारात उभ्या राहायच्या. ती बाई दार उघडायची, टोपलीकडे बघायची, सिस्टरांकडे बघायची. नाही कोण म्हणणार? सिस्टर चहा पिऊन, पिल्लाचा पापा घेऊन परत यायच्या आणि मला सांगायच्या, "किती खूश झाली गं! डोळ्यांत पाणी आलं तिच्या."

त्या पांढऱ्या मांजरीच्या वंशातल्या बहुतेक पिल्लांच्या शेपटीचं टोक वाकलेलं असतं, छत्रीच्या मुठीसारखं. सिस्टर कौतुकाने म्हणायच्या, "आमच्या घराण्याचं नाक आहे ते." लेकीने एकदा समजावलं होतं की पिढ्यानपिढ्या त्याच एका बोक्याशी जोड्या लावल्या की असले दोष पक्के होत जातात. सिस्टर म्हणाल्या, "दोष काय त्यात? तुझ्या बापाचे कान बघ आणि तुझे बघ."

आमच्याकडेही एक आली. टाचणी. लेकीने हट्ट धरून तिचं ऑपरेशन करून घेतलं, पिल्लं न होण्याचं. लपवायचं नाही असं ठरवून मी सिस्टरांना सांगायला गेले. त्यांनी कप खाली ठेवला.

"एकदा तरी होऊ द्यायची होतीस."

"सिस्टर, घर केवढं आमचं."

"एकदाच गं. त्या जिवाला कळलं तरी असतं काय असतं ते."

"ती मांजर आहे," टेबलावरून काका म्हणाले. "तिला काही कळायचं राहिलेलं नाही."

"तुम्ही स्क्रू शोधा." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कपाट सुद्धा आतून रिकामं केलं की आवाज वेगळा येतो." त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी मला हाक मारली नाही.

लेक तेव्हाच शेल्टरमध्ये कामाला लागली होती. शिकली वेगळंच, पण नोकरी सोडली आणि तिथे गेली. आई म्हणून मला ते आजही रुचलेलं नाही. हातांवर ओरखडे, कपड्यांना फिनेलचा वास. ज्या दिवशी एखाद्या जनावराला इंजेक्शन देऊन संपवावं लागतं त्या दिवशी ती घरी येते, अंघोळ करते आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपते. मी दारात उभी राहते.

पिल्लं अजून वाढवू नका म्हणून सांगायला तीही एकदा सिस्टरांकडे गेली होती.

"आजी, आमच्याकडे जागा उरलेली नाही. एकेका पिंजऱ्यात तीन-तीन ठेवतोय."

"मग मोठी जागा घ्या की."

"आहेत त्यांना घरं मिळत नाहीत. अजून कशाला?"

"जगात माणसं कमी पडत होती म्हणून मी तुझ्या आईला मोकळी केली होती का?"

"माणसांची पोरं कुणी खोक्यात भरून पुलाखाली ठेवत नाही, आजी."

सिस्टरांनी मांडीवरचं मांजर खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ठेवतात. मी पाहिलीत. एकाला मुंग्या लागल्या होत्या." काकांनी हात थांबवला. "म्हणून तर मी बाई बघून देते. माझं एकही पिल्लू रस्त्यावर नाही."

लेक घरी आली आणि पायरीवरच बसली. "आई, तिला खरंच तसं वाटतं."

मला तेव्हा तिच्या बोलण्याचा अर्थ कळला नाही. तो कळला जुन्या चादरी द्यायला मी शेल्टरमध्ये गेले तेव्हा. पूर्वीचं गोदाम आहे ते. वर पत्रा, खाली ओला सिमेंटचा कोबा, दोन्ही बाजूंना पिंजरे. मी चादरींचं गाठोडं घेऊन चालत होते आणि पहिल्याच रांगेत एक शेपटी दिसली. टोकाला वाकलेली. पुढे आणखी एक. पलीकडच्या रांगेत दोन, एकाच पिंजऱ्यात. शेवटी कोपऱ्यात मिशाळ. डोळे चिकटलेले, नाक वाहतंय, अंगावरचे लांब केस गुठळ्या होऊन पडलेले. मी हाक मारली तर कान हलला, मान वळली नाही.

"सगळ्यांची कहाणी एकच," लेक म्हणाली. "रस्त्यात सापडलं. गाडीखाली सापडलं. जिन्यात सापडलं. शिलाईवाली मावशी तर गॉगल लावून आली होती."

गंमत वाटावी असं आहे, पण मला हसू आलं नाही. बँकेतली मला नंतर जिन्यात भेटली, तेव्हा तिने स्वतःच विषय काढला. "मुलाला दम्याचा त्रास आहे हो. पण त्यांना नाही कसं म्हणणार? त्यांनी माझं..." पुढचं तिने सांगितलं नाही, आणि मलाही ऐकायची गरज नव्हती. "त्यांना कळू देऊ नका हं. पाया पडते." मिशाळ तिलाच दिलेलं; ती अजूनही सिस्टरांना त्याचा जुना फोटो पाठवते. शिलाईवाली विचारल्यावर म्हणते, "लोळतंय मजेत." सगळ्या जणी असंच म्हणतात. कुणाच्याच मनात वाईट नाही. सिस्टरांना दुखवायचं नाही म्हणून सगळ्यांनी मिळून त्यांच्याभोवती एक खोटं जग उभं केलं, आणि त्या जगाच्या भरवशावर सिस्टर दरवेळी नवी टोपली भरत राहिल्या.

तेव्हापासून मला बाहेरही त्या शेपट्या दिसायला लागल्या. मंडईच्या मागे कचऱ्यापाशी, भिंतीवरून चालताना, एकदा रस्त्याच्या मधोमध, चाकाखाली गेलेली. आता ही सिस्टरांनी दिलेलीही नव्हती. काही जणींनी शेल्टरलाही न नेता सोडून दिलेल्यांची पुढची पिल्लं होती. केस आखूड झाले होते, पण टोक तसंच.

चार दिवसांपूर्वी शेल्टरच्या दारात कोणीतरी डोळे न उघडलेली पिल्लं ठेवून गेलं. त्यांना थेंबाथेंबाने दूध पाजावं लागतं, दिवसरात्र, आणि तिथे हात कमी. लेकीने सिस्टरांना विचारलं, याल का? सिस्टर म्हणाल्या, "हे काय विचारणं झालं?" ठरलं. उद्या सकाळी लेक त्यांना स्कूटरवर घेऊन जाणार.

आज संध्याकाळी मी सिस्टरांकडे गेले ते सांगायचंच असं ठरवून. दार उघडं होतं. सिस्टर त्यांच्या नोकरीतल्या पांढऱ्या एप्रनला इस्त्री करत होत्या. पिशवीत ड्रॉपर, कापूस, मऊ झालेल्या टॉवेलांची चवड.

"उद्यापासून ड्युटी," त्या म्हणाल्या.

"दुपारपासून गुणगुणतेय," काका म्हणाले. "लग्नात सुद्धा एवढी खूश नव्हती."

"लग्नात कशी असणार? समोर तुम्ही होतात."

काका हसले. मीही हसले. पायाशी त्यांची धाकटी मांजर जमिनीवर लोळत ओरडत होती. पहिल्यांदाच माजावर आलेली, अजून तिचं अंगही भरलेलं नाही.

"हिचंही बघायचंय," सिस्टर म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात टाकीवाल्याचा बोका आणते."

"सिस्टर, हिला राहू द्या ना."

"का गं?"

माझ्या तोंडात सगळं आलं होतं. त्या इस्त्री उभी धरून माझ्याकडे बघत होत्या, गालांवर वाफेने लाली आली होती. मी म्हटलं, "दमाल तुम्ही."

"दमेल मांजर! मला काय करायचंय? मी नुसती शेजारी बसणार."

मी परत आले. लेक जेवायला बसली होती.

"तू त्यांना मुद्दाम नेते आहेस."

"हो."

"मिशाळला तरी मागच्या खोलीत ठेव."

"आणि बाकीच्यांच्या शेपट्या काय कापू?"

"त्यांचं वय बघ. जिना चढताना छातीत दुखतं त्यांच्या."

"आई, पुढच्या आठवड्यात बोका येणार आहे. मग अजून चार-पाच. ती तू ठेवणार आहेस? जागा नाही म्हणून डॉक्टर या महिन्यात किती जणांना..." ती थांबली. ताट पुढे सरकवलं. "तुम्ही सगळ्या बायकांनी मिळून म्हातारीला येडं बनवलंय. तेव्हा नाही कुणाला तिच्या छातीची काळजी वाटली."

"अगं, त्यांनी तुला—"

"माहितीये! निळी होते. टॉवेल. भवाने. पाठ आहे मला. म्हणूनच मी नेतेय. तुमच्यापैकी कोणी सांगितलं तर तिला वाटेल कुठल्यातरी एका बाईने दगा दिला, आणि त्या बाईचं नाव टाकेल, झालं. तिला सगळी एकदम दिसायला हवीत." मग हात धुता धुता पाठमोरी म्हणाली, "मला काय मजा वाटतेय का?"

ती झोपायला गेली तेव्हापासून मी दोन्ही बाजूंनी विचार करते आहे. लेक चुकीचं बोलत नाही. न सांगितलं तर ती धाकटी मांजर कोवळ्या वयात गाभण राहील, सिस्टर पुन्हा टॉवेल उकळतील, आईने बाजूला सारलेलं पिल्लू चोळून जिवंत करतील, आणि दोन वर्षांनी ते त्या ओल्या कोब्यावर मरेल. ज्या हातांनी माझी मुलगी मला दिली, त्याच हातांनी हे होतंय. हे वाक्य मला मनात सुद्धा नीट पूर्ण करता येत नाही, पण ते खरं आहे.

पण पिंजऱ्यांच्या मधोमध, इस्त्रीचा एप्रन घालून, शेल्टरमधल्या परक्या पोरांच्या देखत?

माझ्या बाळंतपणाच्या वेळी शेजारच्या खाटेवरच्या बाईचं मूल गेलं होतं. डॉक्टर येत, चार्ट बघत आणि निघून जात. तिची सासू म्हणायची, काचेच्या पेटीत ठेवलंय. ती बाई दर थोड्या वेळाने दाराकडे बघायची. सिस्टर आल्या, पडदा ओढला आणि तिच्या खाटेवर बसल्या. पडद्यातून मला सगळं ऐकू आलं. "बाळ गेलं गं तुझं. मी पाहिलं त्याला. आता मी उचलून आणते, पण आधी तू ऐक." त्या बाईने त्यांना तळतळून शाप दिले. सिस्टर उठल्या नाहीत. तिचं बोलून होईपर्यंत तिथेच बसल्या, आणि मगच मूल आणायला गेल्या.

मलाही बोलतील. माझं नाव टाकतील, त्या बँकेतलीचं टाकतील, टाचणीचं पुन्हा निघेल. कदाचित उद्या शेल्टरला जाणारच नाहीत आणि ती डोळे न उघडलेली पिल्लं दुधावाचून राहतील. बोका तर रागाच्या भरात उद्याच आणतील. काहीही होऊ शकतं. पण जायचं असेल तर तिथे काय आहे हे माहीत असून त्यांनी जावं. रडायचं असेल तर आपल्या घरात, दिवा मालवून रडावं.

सकाळी उशीर होईल, लेक लवकर निघते. फोन आत्ताच लावते. काकांनी उचलला तर म्हणेन, सिस्टरांना उठवा, आणि आमचं बोलणं होईपर्यंत तुम्ही त्यांच्याजवळच बसा.